पुलीचं खरं माप

तो पहिलंच वाक्य खोटं बोलला. आणि तेही इतकं गोड हसून, की चिनात्सुला त्या खोट्यापेक्षा हसण्याचाच जास्त राग आला.

गॅरेजसमोरच्या यंत्रात नाणं टाकून ती गरम कॉफीचा कॅन काढत होती. नोव्हेंबरची सकाळ होती. डोंगरावरून उतरणारा वारा कानांना झोंबत होता आणि छपराखाली आईने सोलून वाळत टांगलेली केशरी पर्सिमॉनची फळं दोऱ्यांवर हळूच डुलत होती. रस्त्यावरून एक जुनी लाल गाडी आली... दोन सीटची, कापडी छताची. हळू झाली, पुढे गेली, आणि विचार बदलल्यासारखी मागे येऊन थांबली.

“कुवाबारा ऑटो हेच ना?” उतरलेल्या तरुणाने विचारलं.

“पाटीवर तरी तेच लिहिलंय.”

“नाही, म्हणजे... मी असाच चाललो होतो, कॉफीसाठी थांबलो. माझं नाव इनागाकी. ही गाडी शर्यतीच्या सर्किटवर पळवतो मी, हौस म्हणून. अजून कुठल्याच गॅरेजचा हात लागलेला नाही हिला. म्हटलं, विचारावं —”

चिनात्सुची नजर गाडीच्या मागच्या बाजूवर गेली. उन्हाने लाल रंग विटून भोपळ्यासारखा झाला होता. फक्त मागच्या चाकाच्या वर एक तुकडा तेवढा अजून गडद लाल होता. चार पाय, मान, पाठीवर पसरलेले पंख. धावणारा घोडा.

तेनमाचा घोडा! हायवेवरच्या त्या मोठ्या, काचेच्या दर्शनी भिंतीच्या गॅरेजचा. त्यांनी काम केलेल्या प्रत्येक गाडीवर तो चिकटलेला असतो, आणि इथे या लाल गाडीवर तो कालपरवापर्यंत होता. आपल्या मुलखात एका गॅरेजचं स्टिकर लावून दुसऱ्याच्या दारात कुणी जात नाही. गॅरेज सोडायचं तर जुन्या मालकाला भेटून, वाकून, सांगून सोडायचं. आणि हा? रात्रीतून स्टिकर काढून आला होता, आणि म्हणत होता, कुणाचा हात लागला नाही.

“काय विचारायचंय?” तिने कॅन उघडला.

“इंजिनाची ताकद वाढवायला सुपरचार्जर बसवू की टर्बो?”

कॅन तिच्या ओठांपर्यंत पोहोचलाच नाही.

कारण आत, ताडपत्रीखाली, तिची स्वतःची निळी गाडी उभी होती. तिच्या बॉनेटखाली चिनात्सुने दोन हिवाळे खपून बनवलेला सुपरचार्जरचा संच होता. तो बसवायची चौकट तिची, पट्टा ज्यावर फिरतो ती पुली तिची, त्या पट्ट्याची आखणी तिची. डिसेंबरात उमेझावा सर्किटवरच्या गाड्यांच्या मेळाव्यात तो पहिल्यांदा लोकांसमोर येणार होता. तोपर्यंत कुणाला कळता कामा नये. गेल्या वर्षीही असंच एक हसरं गिऱ्हाईक आलं होतं, वाकून वाकून फोटो काढून गेलं होतं, आणि महिना उलटायच्या आत तिने बनवलेल्या सस्पेन्शनच्या दांड्यांची हुबेहूब नक्कल तेनमाच्या काचेत झळकत होती. निम्म्या किमतीत. या वेळी तसं झालं, तर कुवाबारा ऑटोला पुढचा हिवाळा टायर बदलूनच काढावा लागणार होता.

“आत या,” ती म्हणाली. चोराला बाहेर ठेवण्यापेक्षा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

आत स्टोव्हजवळ बाबा बसले होते. पाठ धरल्यापासून त्यांचं काम एवढंच, संत्री सोलायची आणि मतं द्यायची.

“टर्बो!” प्रश्न पुरता ऐकायच्या आत ते म्हणाले. “बसा. नाव काय? इनागाकी? इनागाकी, टर्बोच बसवा. धुराड्यातून वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो तो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. ताकद फुकट. पाय दाबलात की आधी काहीच होत नाही... काहीच नाही... आणि मग पाठीत लाथ बसते!”

“वळणाच्या मध्यावर लाथ बसली तर गाडी गवतात जाते, बाबा.”

“गवतात गेल्याशिवाय माणूस शिकत नाही.”

“उमेझावाला सगळी वळणंच आहेत,” चिनात्सु इनागाकीकडे वळली. “तिथे सुपरचार्जर. तो इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो. पाय दाबला की त्याच क्षणी गाडी ऐकते. वाट बघायला लावत नाही.”

“पण इंजिनाचीच ताकद खातो!” बाबा. “पगार देऊन नोकर ठेवल्यासारखा.”

“आणि तुमचा टर्बो चार फेऱ्यांत तापून लाल होतो.”

“हिच्या आईला लग्नाचं विचारायला मला तीन वर्षं लागली,” बाबांनी इनागाकीला संत्र्याची फोड दिली. “पण विचारलं तेव्हा कसं विचारलं! टर्बो.”

इनागाकी खळखळून हसला. मग तो चिनात्सुकडे बघत राहिला... डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे. ती बोलायला लागली की त्याची नजर तिच्या ओठांवर येऊन थांबायची, आणि तिने पाहिलं की पटकन स्टोव्हकडे पळायची.

तो फोड घ्यायला वाकला तेव्हा त्याच्या जाकिटाच्या आतल्या खिशात काहीतरी चमकलं. मोजमाप घ्यायची स्टीलची पकड, केसाइतकी जाडी मोजणारी. हौशी गाडीवाला असली पकड खिशात घालून हिंडतो?

“काय काम करता तुम्ही?” तिने सहज विचारलं.

“मी? ... बारीकसारीक वस्तू बनवतो.”

“कसल्या?”

“बारीक,” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

हात स्वच्छ. नखांखाली काळं नाही. मेकॅनिक नव्हे, मग तेनमाच्या ऑफिसातला असणार, आखणी करणारा. तिने उठून निळ्या गाडीवरची ताडपत्री आणखी खाली ओढली.

“ठरवतो आणि येतो,” तो जाताना म्हणाला.

आणि तो आला. पुढच्या शनिवारी. त्याच्या पुढच्याही.

येताना यंत्रातून दोन कॅन घेऊन यायचा, तिला काळी कॉफी आणि स्वतःला दूधसाखरेची. तिने कधी सांगितलं नव्हतं तिला कुठली आवडते. लक्ष ठेवतो, तिने मनात नोंदवलं. आणि आधीच्या शनिवारी टर्बोकडे झुकलेला माणूस पुढच्या शनिवारी सुपरचार्जरकडे झुकलेला असायचा.

“रात्री विचार केला. टर्बोच बरा.”

“बरं. मग काम लिहून घेऊ?”

“पण... तापतो म्हणालात ना तुम्ही.”

“तापतो.”

“मग सुपरचार्जर?”

“मग सुपरचार्जर लिहू?”

“घाई नको,” इनागाकी घाईघाईने म्हणायचा. “पट्ट्याचं जरा पुन्हा समजावून सांगाल?”

ती सांगायची. पुस्तकात असतं तेवढंच. तो हनुवटीवर हात ठेवून ऐकायचा, जसं काही ती एखादी गोष्ट सांगतेय आणि राजकन्येचं पुढे काय होतं याची त्याला खरोखर काळजी आहे. असं आजवर तिचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. म्हणूनच तर शंका येत होती. फुकट कोण ऐकतं इतकं?

एकदा ती त्याच्या गाडीच्या टायरवरून बोट फिरवत बसली. डावीकडच्या टायरची बाहेरची कड झिजून खरखरीत झाली होती. उजवीकडे फिरणाऱ्या सर्किटवर जीव तोडून पळवल्याशिवाय तशी झीज होत नाही. म्हणजे निदान पळवतो हे तरी खरं. तिला बरं वाटलं... आणि बरं का वाटलं, म्हणून लगेच वाईटही वाटलं.

“काय सापडलं?” मागून त्याचा आवाज.

“तिसऱ्या वळणावर तुम्ही फार उशिरा ब्रेक मारता.”

“टायरवरून कळतं?”

“सगळं कळतं. रंगावरून तर फारच.” ती त्या गडद घोड्याकडे बघत म्हणाली.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर अडखळलं. त्याने घाईने कॉफीचा घोट घेतला. आणि तिने विचारलं नाही, विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं ना!

शेवटी बाबांनीच घोळ घातला. “अगं, नुसतं सांगून काय कळणार त्याला? निळीत बसव आणि फिरवून आण!”

नाही म्हणायला कारण सुचेना. तिने बॉनेट उघडू दिलं नाही, पण शेजारच्या सीटवर त्याला बसवलं आणि डोंगराच्या रस्त्याला लागली. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. रस्त्यावर पिवळी पानं ओली होऊन चिकटली होती. गाडी इतकी लहान, की गिअर बदलताना तिचा हात दर वेळी त्याच्या गुडघ्याला लागायचा. दोघंही ते न झाल्यासारखं समोर बघायचे.

“आता ऐका,” ती म्हणाली, आणि वळणातून बाहेर पडताना पाय दाबला. बॉनेटखालून बारीक शीळ उठली आणि गाडी तिच्या मनातलं ओळखल्यासारखी पुढे झेपावली.

“ओ...!” इनागाकी ओरडला.  मग हळूच, “ही तुमच्यासारखीच आहे.”

“म्हणजे?”

“उत्तर देताना थांबत नाही.”

तिने ओठ घट्ट मिटले, हसू फुटू नये म्हणून. घाटमाथ्यावर तिने गाडी थांबवली. स्टिअरिंगवरच्या तिच्या हाताकडे तो बघत होता. अंगठ्याला जाड पट्टी होती.

“हे काय झालं?”

“लेथवर. पुली कापताना सरकला हात.”

“सगळ्या पुल्या तुम्ही स्वतःच कापता? प्रत्येक संचाची?”

“दुसरं कोण कापणार? बाबांची पाठ अशी.”

तो बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिला. मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, “केवढी असते... पुली?”

चिनात्सुच्या आत काहीतरी खटकन थांबलं. इतके शनिवार, इतक्या कॉफ्या, आणि शेवटी हाच प्रश्न. सगळा संच त्या एका मापावर उभा होता. मोठी पुली म्हणजे गाडी मुर्दाड. लहान म्हणजे सुपरचार्जर गरजेपेक्षा जोरात फिरणार, हवा तापणार, इंजिन आतून फुटणार. बरोबर माप सापडायला तिची दोन जुनी इंजिनं खर्ची पडली होती.

उत्तर देताना ती खरंच थांबली नाही.

“साठ मिलीमीटर.”

खोटं. चांगलंच लहान. आता तेनमाच्या गाडीवर साठची पुली दिसली, की चोर कोण ते कळेल. आणि त्यांचं इंजिन भर सर्किटवर मान टाकेल ते वेगळंच. युक्ती झकास होती. परतीच्या रस्त्यावर मग तिला रडू का येत होतं?

पुढच्या शनिवारी तो आला नाही.

यंत्रापाशी ती दोनदा जाऊन आली. तिसऱ्यांदा बाबा म्हणाले, “त्या यंत्राला पाय फुटतील आता.”

“मला कॉफी हवीये.”

“मग घेऊन ये ना. रिकाम्या हातांनी काय परततेस?”

दुपारी ती एक सुटा भाग आणायच्या निमित्ताने हायवेवर गेली. तेनमाच्या दारासमोर गाडी हळू केली. आणि... समोरच लाल गाडी उभी! काचेमागे इनागाकी होता. तेनमाच्या टकल्या मालकासमोर कमरेत वाकून, दोन्ही हात मांड्यांना टेकवून. मालकाच्या चेहऱ्यावर मोठं हसू. त्याने इनागाकीच्या पाठीवर थाप मारली.

पाठ थोपटली. काम फत्ते झाल्यावर थोपटतात तशी.

ती कशी घरी आली ते तिला आठवत नव्हतं. बाबांनी फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोललेलं संत्रं आख्खं तिच्या हातात ठेवलं.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी ती निळ्या गाडीच्या चाकांचे नट तपासत होती, तेव्हा दारात ओळखीचा आवाज थांबला. लाल गाडीचा.

“उशीर झाला,” इनागाकी म्हणाला. हातात लाकडी पेटी, तिला निळ्या कापडाची गाठ. “गेल्या शनिवारी —”

“माहितीये कुठे होतात. पाठ दुखत नाही ना? जोरात थोपटली त्यांनी.”

तो गोंधळला. “तुम्ही पाहिलंत?”

“घोडा पहिल्या दिवशीच पाहिला होता, इनागाकी-सान! कुणाचा हात लागला नाही म्हणे. माझ्या दारात उभं राहून... मी दर शनिवारी वाट बघत होते, तुम्ही स्वतःहून सांगाल म्हणून. काय दिलं त्यांनी? तिथे नोकरी आहे की नुसते पैसे?”

“नोकरी?” इनागाकीने डोळे विस्फारले. “तेनमात? मी... मी दात बनवतो!”

स्टोव्हजवळ बाबांच्या हातातून संत्र्याचं साल पडलं.

“दात?” चिनात्सु.

“खोटे दात. दातांच्या डॉक्टरांसाठी. कवळ्या, दाढांच्या टोप्या...” त्याचे कान पुन्हा लाल झाले. “हे सांगितलं की समोरचा माणूस तोंड मिटून घेतो. मग हसतच नाही. आणि तुम्ही हसता तेव्हा तुमचा तो वरचा सुळा... दुसऱ्या दातावर चढलेला... तो दिसतो. तो दिसायचा बंद झाला असता.”

चिनात्सुने तोंडावर हात नेला.

“बघा!” तो कळवळून म्हणाला. “असंच करतात!”

“आणि ती खिशातली पकड?”

“दाढा मोजायची आहे.”

“तेनमा?”

आता तो खाली बघू लागला. “दोन वर्षं त्यांचं गिऱ्हाईक होतो. मग गेल्या वर्षीच्या मेळाव्यात तुमची निळी गाडी पाहिली. चालवणाऱ्या बाईलाही पाहिलं. कॉफीसाठी थांबलो हे खोटं होतं. घोडा दिसला तर तुम्ही दारात उभं करणार नाही, म्हणून आदल्या रात्री केस वाळवायच्या यंत्राने गरम करून काढला तो. चोरासारखा. मालकांना न सांगता. ते टोचत होतं... म्हणून गेल्या शनिवारी गेलो, वाकलो, खरं ते सांगितलं. ते हसले. म्हणाले, बाईसाठी गॅरेज सोडणारा तू पहिलाच, जा. मग दुपारभर बसवून घेतलं त्यांनी.”

 स्टोव्हवरची किटली तेवढी वाफ सोडत होती.

“आणि हे,” त्याने पेटी पुढे केली, “सुपरचार्जरचंच ठरलंय माझं. त्याच्यासाठी.”

तिने गाठ सोडली. आत कापसावर एक पुली होती. ॲल्युमिनियमची, खाच अन् खाच घासून उजळलेली. एखाद्या नव्या दातासारखी चकचकीत.

“आमच्या शेजारी लेथवाले काका आहेत, त्यांनी कापून दिली. घासली मी. निदान माझ्या गाडीसाठी तरी तुमचा अंगठा कापला जाऊ नये म्हणून. साठ मिलीमीटर. बरोब्बर साठ, हवं तर मोजून बघा. काकांना कशासाठी ते सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं.”

चिनात्सुच्या हातात ती पुली जड होत गेली.

जो आकडा चोराला पकडायला फेकला होता, तो या माणसाने खरा मानून कापसात ठेवून आणला होता. तो अधीर असता, स्वतःच कुठूनतरी बसवून घेतली असती, तर... तिसऱ्या वळणावर, त्या उशिराच्या ब्रेकनंतर... तिच्या डोळ्यांसमोर गवतात उलटलेली लाल गाडी आली.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “जरा आईला...”

“जातो, जातो. माझी पाठ आज बरी आहे,” म्हणत बाबा संत्र्यांची टोपली घेऊन उठलेसुद्धा.

बाहेर थंडी पडत होती. ती लाल गाडीपाशी जाऊन उभी राहिली. तो मागोमाग आला, दोन पावलं अंतर ठेवून.

“ही बसवता येणार नाही,” ती म्हणाली.

“घासण्यात चुकलं काही?”

“नाही. इतकी सुंदर पुली मी आजवर पाहिली नाही. आकडा... खोटा दिला होता मी. तुम्ही चोर आहात की नाही बघायला. ही बसवली असती तर तुमचं इंजिन फुटलं असतं.”

तिच्या हातातली पुली घेऊन तो ती उलटसुलट बघत राहिला. बराच वेळ. या वेळी वाट बघायची पाळी तिची होती.

“म्हणजे,” शेवटी तो म्हणाला, “पहिल्या दिवशी मी खोटं बोललो, आणि घाटावर तुम्ही.”

“माझं जास्त वाईट होतं.”

“हो. जास्त.” आणि मग तेच हसू, ज्याचा तिला पहिल्या दिवशी राग आला होता. “पण मी अजून एक बोललोय. ठरत नाहीये, ठरत नाहीये म्हणत होतो ना दर शनिवारी? सुपरचार्जर पहिल्याच दिवशी ठरला होता. तुम्ही ‘वाट बघायला लावत नाही’ म्हणालात तेव्हाच. पण काम लिहून घेतलं असतं तर दोन दिवसांत संपलं असतं. मग यायला कारण काय उरलं असतं?”

चिनात्सु हसली. मनापासून, सुळ्यासकट. हात तोंडाकडे गेला नाही.

“टर्बो आहेस तू,” ती म्हणाली. “इतके शनिवार काहीच नाही, आणि मग एकदम...”

‘तू’ म्हटल्याचं दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही दुरुस्त केलं नाही.

ती लाल गाडीच्या काचेजवळ वाकली आणि तिच्यावर लांब श्वास सोडला. काच धुरकट झाली.

“काय करतेस?”

“खरं माप.”

“नको!” तो दचकला. “खरंच नको. उद्या मेळाव्यात तेनमाचे मालक असतील. मला खोटं बोलता येत नाही, तू पाहिलंसच.”

“म्हणूनच.”

पट्टी बांधलेल्या अंगठ्याने तिने काचेवरच्या वाफेत दोन आकडे काढले. या जगात ते आजवर फक्त तिला माहीत होते. बाबांनाही नव्हते.

इनागाकीने ते वाचले. एकदा, हळू, जपून. मग इकडेतिकडे बघितलं, जाकिटाची बाही तळव्यावर ओढली... आणि काच पुसून टाकली.